शहराच्या पुढची गाडी

शालिकरामजींच्या आणि माझ्या पहिल्या भेटीत त्यांनी जी किंकाळी फोडली, ती ऐकून जठारपेठेतली कुत्री शेपट्या घालून बार्शीटाकळीच्या दिशेने पळाली आणि त्यातली निम्मी अजून परतलेली नाहीत. किंकाळीचं कारण मी होतो. पन्नाशी उलटल्यावर मला मोटार शिकायची हुक्की आली. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पांढऱ्या गाडीत बसलो, किल्ली फिरवली, एवढंच. गाडी लिंबाखाली उभी होती आणि पुढे-मागे चिटपाखरू नव्हतं.

"बाप्पा बाप्पा! चालू काहून केली?"

"शिकायची आहे ना?"

"आधी बंद गाडी तर शिका, भाऊ!"

मग मी बंद गाडी शिकलो. इतके दिवस शिकलो, की लिंबाची जुनी पानं गळून नवी पालवी आली आणि टपावर चिमण्यांनी संसार थाटला. त्या मुदतीत अकोल्याच्या कोणत्याही वाहनाने माझ्याइतके गिअर टाकले नसतील आणि माझ्याइतकं कमी अंतर कापलं नसेल.

शिकवणाऱ्याच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शालिकरामजींचं सगळं आयुष्य त्या ब्रेकवर गेलं. माणूस साठीचा, अंगाने काडी, मिशा मात्र दोन माणसांच्या. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली, पण स्वतः स्टिअरिंगला हात लावत नसत. "मले घाम फुटते," म्हणायचे. "ब्रेक असला का बस झालं." हा ब्रेक त्यांच्या अंगात मुरला होता. एसटीत बसले की समोरच्या पत्र्यावर पाय दाबायचे. लग्नात नवरदेवाची घोडी जवळ आली की खुर्चीत बसल्या बसल्या मांडवाची जमीन दाबायचे. रुख्मिणीबाई, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या, "झोपेत लाता मारते हा माणूस. इचारलं तर म्हन्ते, ब्रेक मारला वो, म्हैस आडवी आली होती."

आम्ही पोट धरून हसायचो. एकदा हसता हसता मी म्हटलं, "शालिकरामजी, एवढं भ्यायला रस्त्यावर आहे काय?"

ते हसले नाहीत. चहाच्या टपरीसमोर एक बाई पोराचं बोट धरून उभी होती. तिच्याकडे पाहत म्हणाले, "तुमाले बाई दिसून राहिली. मले तिची चप्पल दिसते. रस्त्याच्या मधात पडलेली, एकटीच."

तेव्हापासून माझी झोप बिघडली. गाडी रस्त्यावर आणली आणि मलाही चपला दिसू लागल्या. सायकलवरच्या म्हाताऱ्याची, शाळेतल्या पोरींची, दुधाच्या कॅनवाल्याची. भीती ही गोवरासारखी असते. शेजारी बसणाऱ्याला होते.

अशात शहराने ठराव केला. आपल्या शहराच्या रस्त्यांवर यापुढे एकही माणूस मरू नये, एकही कायमचा जायबंदी होऊ नये, असा. सभागृहात बाकं वाजली, लोकांनी चौकात सह्या केल्या, शाळेतल्या पोरांनी फेरी काढली. मी टवाळखोर माणूस, पण खरं सांगतो, त्या दिवशी मला बरं वाटलं. समिती नेमली गेली आणि तिचे प्रमुख झाले चिंतामणराव. हे निवृत्त वकील. इतके सज्जन, की अशील हरला तर स्वतःच त्याच्याबरोबर रडत घरी जायचे.

शाळेच्या रस्त्यावर ताशी तीसच्या पाट्या लागल्या. पाट्यांवर लोकांनी शिकवणीच्या जाहिराती चिकटवल्या आणि साठने जाऊ लागले. तेव्हा चिंतामणरावांना कल्पना सुचली. शाळा भरायच्या वेळी एक गाडी रस्त्याच्या मधोमध तीसने चालवायची. रस्ता अरुंद, पुढे जायला जागा नाही, म्हणजे मागच्या सगळ्यांना तीसनेच यावं लागेल. अशी गाडी कोणाची? ते लिंबाखाली आले.

"शालिकरामजी, तुमची गाडी पुढे, शहर मागे."

शालिकरामजी पांढरे पडले. "मागं? सगयं शहर? माह्या मागं?"

"तुमच्याइतका सावकाश माणूस दुसरा नाही."

"म्या सावकाश नाई, साहेब. म्या भितो."

"मग तर उत्तमच!"

नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात लिंबामागच्या घरातून त्यांची नात आचल दप्तर घेऊन निघाली. रागिणीची, म्हणजे त्यांच्या मुलीची पोर. रागिणीची नोकरी दर्यापूरला, म्हणून पोर आजीआजोबांकडे. पाचवीत होती आणि शाळा त्याच रस्त्यापलीकडे. शालिकरामजींनी तिच्या पायांकडे पाहिलं. नव्या चपला होत्या. तोंड मिटलं आणि मान हलवली. हो की नाही ते कळेना, पण चिंतामणरावांनी हो धरलं.

स्टिअरिंगवर कोण? अर्थात मी. त्यांचा सर्वांत जुना आणि सर्वांत ढ विद्यार्थी. माझ्याकडे शिकाऊ परवाना होता आणि तीसच्या वर गाडी नेण्याची माझी छाती नव्हती.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. आमच्याकडे हळू चालणाऱ्या गाडीमागे रांग असली की तिचे अर्थ दोनच, वरात किंवा मयत. बँड नव्हता, फटाके नव्हते, म्हणून लोकांनी दुसरा अर्थ घेतला. पानवाला टोपी काढून उभा राहिला. भाजीवाल्या पार्बताबाईने हात जोडले. एकाने स्कूटर थांबवून मला विचारलं, "भाऊ, कोन गेलं?"

मी म्हटलं, "अजून कोणी नाही."

हे मी गमतीत बोललो. शेजारी शालिकरामजींनी "शिव शिव" म्हणत ब्रेक दाबला. घरी बातमी आधीच पोचली होती. रुख्मिणीबाई दारात भाकरीचं पीठ लागलेले हात कमरेवर ठेवून उभ्या. "जित्या मानसाची मयत काढून राहिले तुमी! हे चांगलं नाई होय. मी सांगून ठेवते."

त्या संध्याकाळी त्यांनी गाडीवरून लिंबू-मिरची उतरवली. दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो.

मागे शहर असणं म्हणजे काय, हे मागे पाहणाऱ्यालाच कळतं. आरशात नुसते दिवे, नंबरप्लेटा आणि रागावलेली तोंडं. हॉर्न तर असे, की मानेचे केस उभे राहावेत. कोणी काचेवर थाप मारून जाई, कोणी आईचा उद्धार करी. शालिकरामजी ब्रेकवरचा पाय उचलत नसत. पण शाळेपाशी पोरी रस्ता ओलांडू लागत, आम्ही थांबत असू, आणि आमच्यामागे सगळं शहर दात-ओठ खात थांबत असे. पोरी हसत, एकमेकींना ढकलत पलीकडे जात. आचल आमच्याकडे पाहून हात करायची. शालिकरामजी परत हात करत नसत. हात रिकामा नसे. दोन्ही हातांनी त्यांनी सीट धरलेली असे.

एका थंडीच्या सकाळी आरशात टिप्पर आला. मुरमाने भरलेला. काच दिसत नाही, बोनेट दिसत नाही, आरशात फक्त त्याची लोखंडी जाळी, आणि ती मोठी होत होती. हॉर्न वाजवायचा थांबतच नव्हता. माझी नजर काट्यावर गेली. तीस. माझा पाय आपोआप जोर देऊ लागला. भीतीने माणूस पळतो, आणि गाडीत पळायची जागा पुढेच असते.

पुढे पोरी होत्या.

"भाऊ," शालिकरामजी म्हणाले. ते ओरडले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त धडकी भरली. "आरशात नका पाहू. समोर पाहा."

"तो थांबत नाहीये!"

"त्याचं तो पाहीन. पाय काढा."

पोरी मध्यावर होत्या. एकीची पाण्याची बाटली पडली, घरंगळत आमच्या बाजूला आली. ती बाटलीमागे वळली. मी हबकून गेलो. पाय उचलला, पण ब्रेकवर ठेवायचं सुचेना. तेवढ्यात माझ्या बाजूची ब्रेकची पट्टी मी पाय न ठेवताच तळापर्यंत खाली गेली. डावीकडून त्यांनी दाबला होता. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मग मागून टायर किंचाळले, आणि जग माझ्या पाठीत शिरलं.

गाडी घसरत पुढे गेली. चाकं ब्रेकने जखडलेली होती, म्हणून फार नाही. धूळ बसली तेव्हा पोर बोनेटपासून हातभर अंतरावर बाटली छातीशी धरून उभी होती. चपला दोन्ही पायांत होत्या. मी पुन्हा पुन्हा पाहिल्या.

"लागली?" शालिकरामजींनी विचारलं.

"नाही. कोणालाच नाही."

"मग मले कमरेखाली काही कायले नाई कयून राहिलं?"

दवाखान्यात रुख्मिणीबाई त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. एक डोळा पुसत होत्या, दुसऱ्याने रागावत होत्या. "ते पोरगी आपली आचल बी नव्हती. कोनाची होती कोन जाने!"

"मले कुठं दिसत होती? म्या डोये मिटले होते."

"डोये मिटून ब्रेक मारला?"

"भेव वाटलं ना वो."

आम्ही तिघंही हसलो. हसताना त्यांचे पाय पांघरुणाखाली हलले नाहीत, तेव्हा थांबलो. चिंतामणराव येऊन कोपऱ्यात उभे होते. समितीच्या बैठकीत त्यांनी त्या महिन्याचा आकडा सांगितला. शाळेच्या रस्त्यावर मृत्यू शून्य, गंभीर जखमी एक. एवढं सांगून ते पुढचे कागद न वाचताच खाली बसले, असं ऐकलं.

शालिकरामजी पाच महिन्यांनी काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागले. गाडी भंगारात गेली. समितीने दुसऱ्या गाडीसाठी दोनदा आवाहन केलं. मी नाव दिलं नाही, दुसऱ्या कोणीही दिलं नाही, आणि उन्हाळ्यात ती योजना बंद झाली.