ब्रेक लावताना थरथरणारे हात

आधी चहा घ्या. मग ऐकून हसायचं असेल तर हसा, मी अडवणार नाही. चुका सगळेच करतात. पण मी जितका विचारपूर्वक, पद्धतशीरपणे आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊन चुकलो, तितकं दुसरं कुणी चुकलं असेल असं मला वाटत नाही.

आम्ही बिबवेवाडीत राहतो. आई, बाबा आणि मी. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, म्हणजे यंत्रांची ड्रॉइंग हाताने काढायचे. आमची गाडी तेच चालवतात. मी कामाला दुचाकीवर जातो. गाडीत बसतो तो रविवारी, आणि तोही शेजारच्या सीटवर.

अशाच एका रविवारी खडकवासल्याला मावशीकडे जाऊन आम्ही परत येत होतो. रस्ता मोकळा होता, गाडी वेगात होती. पुढचा टेम्पो अचानक थांबला. बाबांनी ब्रेक दाबला आणि स्टेअरिंगवरचे त्यांचे दोन्ही हात थरथरायला लागले. गाडी थांबली, हातही थांबले.

मी म्हटलं, "बाबा, हात थरथरतायत तुमचे."

"हात नाही, स्टेअरिंग थरथरतंय. गाडी दाखवून घ्यायला हवी."

आता तुम्हीच सांगा, या वयाचा माणूस दुसरं काय म्हणणार? माझ्या एका सहकाऱ्याच्या वडिलांचं दुखणं असंच हातांपासून सुरू झालं होतं. तेही शेवटपर्यंत म्हणत होते, मला काही झालेलं नाही.

घरी आल्यावर मी गाडीची किल्ली मागितली. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि ती टेबलावर ठेवली. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

पुढचा आठवडा मी घरात पूर्ण बंदोबस्त केला. आईला सांगून त्यांचा चहा अर्धा कपच भरायला लावला. ब्लेड काढून घेतलं, दाढीचं मशीन आणलं. आई म्हणाली, "अरे, काल त्यांनी सुईत दोरा ओवून दिला मला." मी म्हटलं, "सुरुवातीला असंच असतं."

चौथ्या दिवशी संध्याकाळी बाबा बाल्कनीत एकटे बसलेले दिसले. उजवा हात समोर धरून त्याच्याकडे टक लावून बघत होते. शेजारी वर्तमानपत्र पडलं होतं. त्याच्या कोऱ्या कडेला त्यांनी आपली सही पंधरा-वीस वेळा केली होती. सगळ्या सह्या सारख्या. पण माझ्या डोक्यात काय आलं? की आता यांनाही जाणवायला लागलंय.

मी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बोटं नाकाला लावायला सांगितली, चालायला सांगितलं, मग कागद पुढे केला. "काका, एक गोल गोल वळत जाणारी रेघ काढा, गोगलगाईच्या शंखासारखी."

बाबांनी पेन उचललं. "दोन वेढ्यांमधलं अंतर किती ठेवू?"

काढलेली रेघ डॉक्टरांनी उजेडात धरून बघितली. म्हणाले, "यांच्या हाताला काहीही झालेलं नाही. मला असं काढता येणार नाही." मी आभार मानले, पण किल्ली परत दिली नाही. डॉक्टरांपुढे सगळेच नीट वागतात, नाही का?

पुढच्या रविवारी मी स्वतः गाडी काढली. बाबा शेजारी बसले. कात्रजचा घाट उतरताना वळणावर ब्रेक दाबला, आणि माझे हात थरथरले. पुन्हा दाबला, पुन्हा थरथरले. मला घाम फुटला. मनात एकच शब्द आला: आनुवंशिक.

बाबा शांतपणे समोर बघत होते. एवढंच म्हणाले, "जाणवलं ना?" मला वाटलं, ते माझं सांत्वन करतायत.

सोमवारी घरात काही न सांगता मी त्याच डॉक्टरांकडे गेलो.

"चहाचा कप धरताना थरथरतात?"

"नाही."

"सही करताना?"

"नाही. फक्त ब्रेक लावताना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "वडिलांचेही ब्रेक लावतानाच थरथरत होते?"

"हो."

"गाडी एकच?"

मी हो म्हटलं. म्हणता म्हणताच मला कळलं. डॉक्टर म्हणाले, "समोरच्या गल्लीत गॅरेज आहे. तिथे अपॉइंटमेंट लागत नाही."

घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. मान वर करायची हिंमत होत नव्हती. म्हटलं, "चुकलो मी." त्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "आठ दिवस मलाही खरं वाटायला लागलं होतं रे." आणि चपला घालायला उठले.

गॅरेजवाल्या मोऱ्यांनी आम्हाला घेऊनच एक फेरी मारली. वेग घेतला, ब्रेक दाबला, मान हलवली. "पुढची डिस्क गेली. ब्रेक दाबला की पॅड या चकतीला धरतात. ती सरळ नसली की पॅडना धक्के बसतात आणि ते स्टेअरिंगपर्यंत पोचतात."

डावं चाक काढायला घेतलं, तर तीन नट सुटेनात. पान्याला लांब पाइप लावून मोऱ्यांनी एकेक सोडवला. उरलेले दोन मात्र हाताने फिरतील इतके सैल निघाले. मग डिस्कवर वाकडेपणा मोजायचं घड्याळ लावून ती फिरवली. काटा डावी-उजवीकडे डोलत होता.

"हे नट कुणी आवळलेत?"

"मीच. मध्ये पंक्चर झालं होतं, तेव्हा चाक बदललं. बाबा गाडी चालवतात, चाक निघायला नको, म्हणून पान्यावर उभा राहून आवळले."

"सगळे?"

"तीन. नंतर पाय दुखायला लागला."

"म्हणूनच. असे कमी-जास्त आवळले की डिस्क तिरकी बसते आणि हळूहळू कुठे जाड, कुठे पातळ होते." त्यांनी दोन्ही बाजूंच्या नव्या डिस्क आणि पॅड काढून ठेवले, मग माझ्याकडे न बघता बाबांना विचारलं, "काका, चिरंजीव करतात काय?"

बाबांनी सैल निघालेल्या नटांकडे बघितलं.

"कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे."

मोऱ्यांनी पाना बाबांच्या हातात दिला, आणि मला गेटपाशी जाऊन उभं राहायला सांगितलं.