पाच बिब्बे

युद्धाच्या काळात आमच्या सेक्शनकडे नवापूरच्या पुढच्या रेल्वे पुलाचा पहारा होता. मी हवालदार, नंदुरबारचा. सकाळी सहाला हजेरी, मग ड्युटी वाटप.

शिपाई सुपडू ब्राह्मणपुरीचा. थंडीत त्याची छाती भरली, ताप चढला. आठ दिवस इस्पितळात राहून तो परतला. आल्याबरोबर बहिणीच्या लग्नासाठी रजा मागितली. नामंजूर झाली. दहा दिवसांनी तो सुजलेल्या तोंडाने हजेरीला आला. डोळे नीट उघडत नव्हते.

नाईक म्हणाला, "लग्न बहिणीचं, हळद यालाच चढली."

सगळे हसले. मी हसलो नाही. आमच्याकडे काम चुकवायला काही लोक अंगाला बिब्बा लावतात. कातडी फुगते. नाईकाला हे ठाऊक नव्हते, मला होते. मी सुपडूची ट्रंक उघडली. मोज्यात पाच बिब्बे निघाले.

"हे काय?"

"मायनी दिधात, दादा. खोकलासाठे. सुईघाई टोची तेल काढानं, दूधमा पेवानं."

"दादा नाही. हवालदारसाहेब."

"तोंडले लावात नही, साहेब. मूत बी चहानागत काया व्हयी ऱ्हायना."

"रंग यायला लघवीत कात कालवलास का?"



डॉक्टरकडे पाठवायच्या सिक रिपोर्टमध्ये मी त्याचे नाव घातले नाही. डबल पहारा दिला. चार दिवस रोज त्याच्या गालावर बिब्ब्याचा काळा डाग शोधला. सापडला नाही. पुसला असेल, असे मी ठरवले. तो डाग पुसून जात नाही, हेही मला ठाऊक होते.

पाचव्या दिवशी ११.२० ला सुपडू पुलावर कोसळला. झटके येत होते. मी स्टेशन गाठून रेल्वेच्या कंट्रोलरला फोन केला.

"जवान बेशुद्ध. इस्पितळात न्यायला मालगाडी थांबवा."

"ऑर्डर कोणाची?"

"माझी."

इस्पितळात त्याच संध्याकाळी ५.४५ ला तो गेला.

डॉक्टर म्हणाले, "छाती बरी झाली होती. पण त्या दुखण्यामागून मूत्रपिंडं सुजली. असं कधी कधी होतं. अशाला झोपवून ठेवायचं, मीठ तोडायचं. बरेच सुधारतात. सूज कधीपासून होती?"

"आजच दिसली, सर."

त्यांनी तसे लिहून घेतले.

सामान घेऊन मी ब्राह्मणपुरीला गेलो. सुपडूच्या आईने बाकी कशाला हात लावला नाही. बिब्बे तेवढे उचलले.

"मन्हा बिब्बामुये गया का रे भाऊ तो?"

"नही माय. पाची कोरा शेत."

तिने एकेक बिब्बा बोटाने चाचपला. सुईचे भोक एकालाही नव्हते. ट्रंक उघडली त्या सकाळीच ते मी पाहिले होते.

"मंग कशामुये गया?"

मी सलाम केला आणि निघालो. तिला उत्तर देणे राहिले. आज ती नाही, म्हणून ते इथे लिहिले.

त्या पुलावर शत्रू कधी आला नाही. आमचा एकच जवान गेला. शिपाई सुपडू, ब्राह्मणपुरी.