सुपडूने बंद केलेला सांगावा

सुपडूच्या बापाचा उभा जन्म मयताचे सांगावे पोचवण्यात गेला. गावात कुणी गेलं, की त्यांच्या वस्तीतल्या माणसाने नातलगांच्या गावी चालत जायचं, दाराबाहेर उभं राहून सांगायचं, अन् सुपातून ओतलेलं धान्य घेऊन परतायचं. छप्पन सालानंतर वस्तीने बौद्ध धम्म घेतला आणि हे काम बंद केलं. जन्माने कुणी कुणाचा चाकर नसतो, हे सुपडूच्या डोक्यात असं बसलं, की गावाने दटावलं तरी गडी बधला नाही.

चौऱ्याऐंशी साली वना गेला. वनाचं शेत सुपडूच्या शेताला लागून. दोघं बांधावर एका फडक्यातली भाकरी खात, भांडत, अन् परत तिथेच बसत. सकाळीच वनाचा मुलगा निंबा दारात आला.

"सुपडूआबा, बाप गया मना. ताईले कोण सांगी?"

ताईबाई, वनाची लेक, दोंडाईच्याजवळ दिलेली. सुपडूची बायको झुंबरबाई चुलीपासूनच कडाडली, "ते काम बंद शे, भाऊ! आज हाऊ निंघना, ते उद्या बठ्ठं गाव दारशी उभं राही!"

खोटं नव्हतंच ते; आज सुपडू गेला, की उद्या सगळं गाव दारात येणार. नाही म्हणावं तर दोस्ताच्या लेकीला बापाचं तोंड दिसणार नाही. हो म्हणावं तर तेच जोखड पुन्हा मानेवर. विहारात ऐकलेलं सुपडूला आठवलं: मनातला हेतू, तेच कर्म. पण हेतू कुणाला दिसतो हो? गावाला दिसतात ते नुसते पाय! तरी तो उठला.

"सांगावा नही. दोस्तदार म्हणून जास मी."

"फरक काय पडस, आबा?"

"माले पडस."

एसटीने तो पोचला. त्याचा चेहरा पाहूनच ताईबाईने हंबरडा फोडला. सासरच्या गावात जुनी रीत अजून चालू. रडत रडतच ती आत गेली, सुपात ज्वारी आणली अन् उंबऱ्याबाहेर धरली.

सुपडू एक पाऊल मागे सरला. झुंबरबाईचंच खरं झालं की काय!

"दाणा नको, बेटी. वना मना दोस्तदार व्हता."

ताईबाई सूप खाली ठेवून म्हणाली, "मंग बाहेर का उभा शेतस, आबा? घरमा या ना."

सुपडू आत जाऊन बसला. सांगावा आणणाऱ्याने रडायचं नसतं. त्याच्या बापाने एवढी मयतं सांगितली, कुठल्या दारात डोळ्याला पाणी येऊ दिलं नाही. सुपडूने उपरणं तोंडाशी धरलं आणि तो ओक्साबोक्शी रडला.