कार्डाचं कपाळ

"आधी देवाचं, मग आपलं," म्हणत काकूंचं कुंकवाचं बोट पुढं आलं की समोरच्या वस्तूची सुटका नसे. नवा मिक्सर, शेजाऱ्यांची स्कूटर, दाराची बेल, काहीही. आमच्या मिसरोदच्या इमारतीत लिफ्टचं तिसऱ्या मजल्याचं बटण कित्येक महिने लाल होतं. पाहुण्यांना ते धोक्याचं वाटायचं आणि ते जिन्यानं यायचे. अशी एखादी काकू तुमच्याही जिन्यात असेल.

या मूळच्या नागपूरच्या. इथल्याच शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरात संसार झाला, आणि काका गेल्यावर त्या आमच्या समोरच्या घरात आल्या. मी बँकेत, म्हणून त्यांचा बिनपगारी सल्लागार.

मुलगी जर्मनीत, बाळंतपणाला काकू निघालेल्या. हट्ट एकच. "तिकीट जावयानं काढलं, ठीक आहे. बाबागाडी मात्र आजीची. माझ्या पेन्शनची, माझ्या कार्डावर." मी ते कार्ड परदेशात चालेल असं करून दिलं आणि पिन पाठ करायला सांगितला. त्यांनी तो आरतीच्या चालीवर पाठ केला, तोही मोठ्यानं, जिन्यात. मग मी तो बदलायला लावला.

एका संध्याकाळी त्यांचा थेट दुकानातून फोन आला.

"काऊन हो, तुमचं कार्ड काऊन नाही चालून राहिलं? इथं जावई पाकीट काढून उभे आहेत. माझं नाक कापता का आता?"

सगळं तर नीट केलं होतं. मग एकदम डोक्यात आलं.

"काकू, निघताना कार्डाची पूजा केली होती?"

"मग? तशीच नेऊ का बाप्पा?"

"कुंकू कुठं लावलं?"

"ते सोनेरी चौकोन आहे ना, तिथं. तेच तर त्याचं कपाळ."

म्हणजे चिपवर. "पुसून टाका ते," मी म्हणालो.



"काका गेले तेव्हा बायकांनी लई सांगितलं, तरी मी नाही पुसलं. आता गाडीसाठी पुसू?"

मी म्हणालो, "पुसू नका. खालच्या कोपऱ्यात सरकवा."

"हे चालते," त्या म्हणाल्या. पदराच्या टोकानं कुंकू खाली सरकवलं असावं. जरा वेळानं मशीनचा आवाज आला, आणि मग त्यांचा, जावयाला उद्देशून, "ठेवा ते पाकीट."

नातू बाबागाडीतून उतरून चालायला लागला, तरी काकू तिकडंच आहेत. समोरच्या दाराला कुलूप आहे.

गेल्या महिन्यात मी पहिल्यांदाच परदेशी निघालो. नवं कार्ड खिशात होतं. समोरच्या बेलच्या बटणावर अजून त्यांचं फिकट कुंकू होतं. कोणी बघत नाही असं पाहून मी कार्डाचा खालचा कोपरा त्यावर घासला, आणि बेल वाजली. आत कोणी नाही हे मला माहीत होतं. तरी दार उघडायची वाट बघत मी थोडा वेळ उभा राहिलो.