उलट फिरवलेला बेडूक

मी आयुष्यात फार हसलो नाही. हसून झालं की आपण कुणाचं तरी काहीतरी घेतलं, असं मला वाटत राहतं. स्वभावच तसा आहे. पण सोलापुरात मास्तर असताना एका हिवाळ्यात मी इतका हसलो, की त्याआधी आणि त्यानंतर कधी तितकं हसू आलं नाही. आणि तेही वर्गात, पोरांच्या देखत, सरकारी वेळेत. आता पन्नाशी जवळ आली. हे एकदा लिहून टाकावं, म्हणजे मन हलकं होईल.

शुक्रवार पेठेत एक कापडाचे व्यापारी होते. मी दुकानात चादर घ्यायला गेलो होतो. बोलता बोलता कळलं, की त्यांच्या पुतण्यानं मुंबईहून चित्रं हलवून दाखवणारं एक यंत्र आणलंय. शिवणयंत्राएवढं, बाजूला दांडा. दांडा फिरवला की आतली फीत सरकते आणि त्याच फिरण्यावर दिवाही पेटतो, म्हणजे वीज नसली तरी चालतं. सोबत परदेशातल्या शाळांसाठी केलेल्या पाच-सहा फिती होत्या. प्रत्येक फीत चार-पाच मिनिटांची आणि मुकी. बेडूक कसा वाढतो, कापसाचं कापड कसं होतं, ज्वालामुखी कसा फुटतो, असले विषय. घरच्यांनी थोडे दिवस कौतुकानं पाहिलं आणि मग यंत्र माळ्यावर गेलं.

मी भीत भीत विचारलं, शाळेसाठी मिळेल का?

"तगोरी मास्तर, तगोरी!" ते म्हणाले. घरी ते कानडी बोलत, आणि खुशीत आले की दुकानातही. "घेऊन जावा की. घरात बायका म्हनत्यात, रोज त्योच बेडूक किती बघायचा?"

यंत्र टांग्यातून शाळेत आलं तेव्हा हेडमास्तर दारातच उभे होते. त्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, दांड्याला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

"मास्तर, ही शाळा आहे की तमाशाचा फड?"

मी म्हणालो, यातून भूगोल येतो, निसर्ग येतो.

"येतो ना? मग असं करा. दोन महिन्यांनी शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला येतील. त्यांनी विचारल्यावर पोरांनी नीट उत्तरं दिली, तर हे इथं राहील. नाही दिली, तर त्याच दिवशी याच टांग्यातून परत. कबूल?"

मी कबूल म्हणालो. घरी आल्यावर मात्र, पोरांना एकदा दाखवायचं आणि मग काढून घ्यायचं, यापेक्षा न दाखवलेलंच बरं, असं मी बायकोला म्हणालो. ती माढ्याकडची, सरळ माणूस. "मग काढून घेऊ देऊ नका," एवढंच तिनं सांगितलं.

पहिल्या शनिवारी माझ्या चौथीच्या वर्गात अंधार करायचा होता. निम्मी पोरं विणकरांच्या घरची, त्यामुळं खिडक्यांवर टांगायला चादरी कमी पडल्या नाहीत. पडदा मात्र कुणाकडं नव्हता. शेवटी मी माझं धुतलेलं धोतर भिंतीला खिळ्यांनी ठोकलं. मी दांडा फिरवला आणि धोतरावर पाणी हललं. पाण्यात काळे ठिपके, ठिपक्यांना शेपट्या, शेपट्यांवर पाय. मी तोंडानं समजावून सांगत होतो, पण ऐकतो कोण! बेडकानं पहिली उडी मारली तशी तेलुगू घरातली पोरं ओरडली, "कप्पा!" कानडी पोरं ओरडली, "कप्पे!" आणि मागून एकजण किंचाळला, "गुरुजी, त्यो तुमच्या धोतरात शिरला!"

मीही हसलो. अंधारात हसलो, म्हणून फारसं वाईट वाटलं नाही.

पुढच्या शनिवारी ते झालं. फीत संपली की ती पुन्हा गुंडाळून पहिल्या जागी आणावी लागे. त्यासाठी ती काढून वेगळ्या चाकावर घालायची, हे किचकट काम. घंटा व्हायला आली होती. मी घाईत फीत न काढता दांडाच उलटा फिरवला. दिवा पेटला, आणि धोतरावरचा बेडूक मागं मागं उडी मारत तळ्यात गेला. त्याला शेपूट फुटलं. पाय आत गेले. मग तो बारीक होत होत अंड्यात जाऊन गप्प बसला.

वर्गात जो गलका उठला, तो शेजारच्या वर्गातल्या मास्तरांनी मला पुढं कित्येक दिवस ऐकवला. पोरं बाकांवर चढली. एक पोरगा हसता हसता जमिनीवर लोळला आणि त्याला उठवायला गेलेलाही लोळला.

"गुरुजी, पुन्ना! उलटं, उलटं!"

झालं. त्यानंतर दर शनिवारी प्रत्येक फीत एकदा सरळ, एकदा उलट. फीतही त्यातच परत गुंडाळली जाई. ज्वालामुखी आपला धूर गिळून मुकाट डोंगर होऊन बसे. कापड उसवून सूत होई, सुताचा कापूस होई आणि कापूस उडत जाऊन बोंडात बसे. तेव्हा खिडकीपाशी बसणारा विणकराचा मुलगा एकदम म्हणाला, "गुरुजी, हे माझ्या बापाला दावू नका. रडंल त्यो!"

मी स्वतःला सांगत असे, की हे पोरांसाठी आहे. ते खरं नव्हतं. शुक्रवारी रात्रीपासून माझ्या हाताला दांड्याची ओढ लागायची. एकदा जेवताना मला ज्वालामुखी आठवला आणि आमटीचा ठसका लागला. बायको म्हणाली, "सांगा तरी, मीही हसते." सांगितल्यावर ती इतकी हसली, की भाकरी तव्यावर करपली. पाढे मागं पडत होते. एका रविवारी मी पश्चात्ताप म्हणून सगळ्या वह्या तपासल्या. पण शनिवार आला की दांडा उलटा फिरतच असे.

तपासणीचा दिवस उजाडला. दिपोटीसाहेब काळा कोट घालून आले. चेहरा असा, की फळ्यानंही नीट उभं राहावं. हेडमास्तर त्यांच्या मागं, आणि मी भिंतीला चिकटून. त्यांनी नेमकं विचारलं, "बेडकाची वाढ कशी होते? कोण सांगेल?"

खिडकीपाशी बसणारा तोच विणकराचा मुलगा टुणकन उभा राहिला. "मी सांगतो, सायेब. आधी बेडूक असतोय. मग त्याला शेपूट फुटतंय. मग पुढचे पाय आत जात्यात. मग मागचे. मग त्यो बारीक बारीक होतोय, आन् अंड्यात जाऊन बसतोय."

"आणि मग?"

"मग काय न्हाय, सायेब. मग गुरुजींचं धोतर."

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. मी दारातून बाहेर पाहिलं, टांगा आलाय की काय म्हणून. पुढं होऊन काही बोलणार, तोच साहेबांनी हातानं मला थांबवलं. त्यांचा चेहरा बघून पोराला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं.

"सायेब, सरळ पायजे हुतं का? सरळ बी येतंय की!" आणि त्यानं एका दमात अंड्यापासून बेडकापर्यंत सगळं सांगितलं. वर म्हणाला, "मागचे पाय आधी येत्यात, पुढचे नंतर. उलटं जाताना पुढचे आधी जात्यात. म्हणून इसरत न्हाय."

साहेबांनी दुसऱ्याला उठवलं. कापसाचं कापड, सरळ. मग तिसऱ्याला, तेच उलट. पोरं नुसती सुटली. ज्वालामुखीला तर सगळा वर्गच उभा राहिला. मला आठवतं, मी त्यांना असं कधी शिकवलंच नव्हतं. मी फक्त दांडा फिरवला होता.

"दाखवा," साहेब म्हणाले.

चादरी टांगल्या, धोतर ठोकलं. मी बेडूक सरळ फिरवला. शहाण्यासारखा थांबलो. अंधारात साहेबांचा आवाज आला, "आता?"

"आता उलटं, सायेब!" पोरांनी सांगितलं. "बघा तरी!"

मी फिरवला. बेडूक मागं उडी मारून तळ्यात पडला तेव्हा अंधारात कुणीतरी गुळणी केल्यासारखं हसलं. तो आवाज पोराचा नव्हता आणि हेडमास्तरांचाही नव्हता. चादरी काढल्या तेव्हा साहेब चष्मा पुसत होते.

"मुलांना विषय समजला आहे," ते म्हणाले. "यंत्र राहू द्या. पण दांडा उलटा फिरवायचा नाही. शाळेत क्रम म्हणून काही असतो. पुन्हा तसं कानावर आलं, तर यंत्र परत."

यंत्र राहिलं! पोरांनी मला जवळजवळ उचललंच.

मी आज्ञा पाळणारा माणूस आहे. पुढच्या शनिवारी बेडूक फक्त सरळ दाखवला आणि यंत्र बंद करून ठेवलं. पोरं हिरमुसली. त्याच्या पुढच्या शनिवारी मी फितीचं हाताला लागलेलं टोक यंत्रात घातलं आणि दांडा अगदी सरळ, नियमानं फिरवू लागलो. आता उलटं दाखवणं बंद, म्हणजे फीत आपल्यालाच परत गुंडाळायला हवी, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. यंत्रात गेलं होतं ते शेवटचं टोक.

धोतरावर बेडूक आला तो मागं उड्या मारत, आणि वर डोक्यावर उभा. तळं वर, आकाश खाली.

"गुरुजी," विणकराचा मुलगा हळूच म्हणाला, "हे सरळ का उलटं?"

हसू दाबताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तेवढ्यात एकानं युक्ती काढली. तो पडद्याकडं पाठ करून वाकला आणि दोन पायांच्या मधून बघू लागला. "असं बगा रे, असं! बेडूक सरळ दिसतोय!" बघता बघता अख्खी चौथी वाकली. आणि नेमके तेव्हाच दार ढकलून हेडमास्तर आत आले.

समोर पोरांची तोंडं गुडघ्यांमध्ये, आणि मास्तर घामाघूम.

"मास्तर! दांडा?"

"सरळच फिरवतोय हो," मी म्हणालो. "तुम्हीच बघा."

त्यांनी दांडा पाहिला. तो सरळच फिरत होता. मग धोतराकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली, दार आतून लावून घेतलं, आणि मान कलती करत करत पार खांद्याला टेकवली.

"जरा हळू फिरवा," ते म्हणाले. "पाय आत जाताना नीट दिसले नाहीत."