घरी बनवलेला आवाज

माझ्या मेव्हण्याएवढा तयार वस्तूचा वैरी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत दुसरा कुणी सापडला तर मला आणून दाखवा, मी त्याच्या पाया पडेन. मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. आटगावला एका गोदामात कामाला, आणि लग्नसराईत मुरबाडच्या एका बेंजो पार्टीत गिटार वाजवणारा. दुकानात टांगलेली, पुडीत बांधलेली, बाटलीत भरलेली कुठलीही गोष्ट दिसली की हा आधी हसतो. मग ती हातात घेतो, उलटीसुलटी करतो आणि म्हणतो, "ह्याच्यात काय हाय? आपण घरी करू." आणि करतो, हा त्याचा खरा दोष. नुसता बोलून थांबला असता तर सगळे सुखात राहिले असते.

स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकासुद्धा त्यानं छापायला दिल्या नाहीत. छापखान्यातला गणपती सगळ्यांचा सारखाच असतो, म्हणून हा पंधरा दिवस ओट्यावर बसून हातानं पत्रिका लिहीत होता. लिहिता लिहिता कंटाळला, आणि निम्म्या पत्रिकांत मुहूर्त सकाळचा पडला, निम्म्यांत दुपारचा. सकाळवाले जेवून पान खात घरी निघाले तेव्हा दुपारवाले अक्षता मुठीत धरून मांडवात शिरत होते. भटजीनं त्यांच्यासाठी शेवटचं मंगलाष्टक परत म्हटलं. माझी बायको, म्हणजे याची बहीण, त्या दिवशी रागानं लाल झालेली. पण कुणी भावाला नाव ठेवलं की म्हणायची, "अक्षर बघा ना केवढं सुंदर हाय." एकदा यानं टायर कापून घरी चपला केल्या. त्या घालून आमच्या गावात आला तर वाटेतली कुत्री उठून उभी राहिली. तरी त्या त्यानं दोन वर्षं वापरल्या, पाय सुजवून घेऊन.

आता त्याच्या गिटारच्या डब्याचं सांगतो, कारण सगळं रामायण त्या डब्यावरून झालं. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा मला समजलं तेवढंच लिहितो. गिटारला विजेवर वाजायचं तर मोठं मशीन लागतं, आणि प्रत्येक मशीनचा आवाज निराळा. असल्या सगळ्या मशीनांची सोंगं एका पाटाएवढ्या डब्यात बसवलेली असतात. पायानं बटण दाबलं की आवाज बदलतो. कुठल्या बटणावर कसला आवाज ठेवायचा ते आधी जुळवून ठेवावं लागतं, त्याला प्रीसेट म्हणतात. हे प्रीसेट मोबाइलवर तयार विकत मिळतात. पैसे भरले, डब्यात टाकले, झालं. त्याच्या ओळखीचे सगळे गिटारवाले तसंच करतात. आमचा हा एकटा घरी करायचा.

घरी म्हणजे माझ्या घरी. त्याची आटगावची खोली भाड्याची, भिंतीला भिंत लागलेली, आणि पलीकडं रात्रपाळी करून आलेली माणसं दिवसा झोपलेली. म्हणून दर रविवारी गिटार पाठीला लावून हा शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या आमच्या गावात यायचा आणि माजघरात पसारा मांडायचा. एक बटण सुईच्या टोकाएवढं फिरवायचं, वाजवायचं, मान हलवायची, आणि परत होतं तिथं आणायचं. दोन तास! आम्ही भात लावून मोकळे व्हायचो तरी याचं एक बटण बसलेलं नसायचं. प्रत्येक आवाजाला नाव द्यायचा. एक 'पत्र्याचा मांडव', एक 'कापडी मांडव', एक 'नवरीची आई रडली'. मी विचारलं, "नवरीची आई रडली म्हणजे कसा रे?" तर म्हणाला, "जरा ओलसर."

मी एकदा सरळ म्हटलं, "अरे, तयार मिळतात तर घे ना. जगाला चालतं ते तुला का नाय चालत?"

"भावजी, तो बनवणारा कुठल्या परदेशात बंद खोलीत बसलेला. त्याला काय म्हायती आपला मांडव? मागं जनरेटर धडधडतो, पुढं बायका हळद लावतात, मधी कुणाचा तरी मामा माइक सोडत नाय. ह्या सगळ्यातून आवाज काढायचाय."

"मी हल्ली मसाला तयार आणतो. पोट भरतंच ना?"

"तुमचं कालवण जेवलोय म्हणून तर सांगतो," तो म्हणाला.

हे बोलणं बायको गेल्यानंतरचं. ती गणपती झाल्यावर गेली. आजारी नव्हती फार. त्यावर मला जास्त लिहायचं नाही. आमच्याकडे रीत अशी की घरातलं माणूस गेलं की वर्षभर त्या घरात वाजवायचं नाही. भावाला लग्न झालेल्या बहिणीचं सुतक तीन दिवसांचं, तो बाहेर कुठंही वाजवायला मोकळा. पण माझ्या घरात बंदी. तरी रविवार आला की हा दारात उभा. मी विचारलं, "आता काय करणार?" त्यानं पिशवीतून कानाला लावायचे हेडफोन काढले. डब्याला ते जोडले की आवाज फक्त याच्या कानात. मग काय, माजघरात हा डोळे मिटून गिटार खाजवतोय, तोंड वाकडं करतोय, मान डोलवतोय, आणि घरात चिडीचूप. शेजारची म्हातारी ताक द्यायला आली ती उंबऱ्यावरच थांबली.

"काय रं, सुतकाच्या घरात वाजवतो हा?"

मी म्हटलं, "तुला ऐकू येतंय का?"

"नाय."

"मग वाजवत नाय."

म्हातारीनं ताकाचं भांडं उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणाली, "ह्याला कुणाला तरी दाखवा गो बाई." असे आठ महिने गेले. मी तांदूळ निवडायचो, तो मुका वाजवायचा. कुणी कुणाशी बोलायची गरज पडत नव्हती.

या लग्नसराईत पार्टीच्या मालकानं त्याला पेचात धरलं. लोकांना गाणं मोबाइलमध्ये वाजतं तसंच मांडवात पाहिजे असतं. मालकानं तयार प्रीसेट विकत घेतले आणि पार्टीतल्या कॅसिओवाल्याकडून याच्या डब्यात टाकून घेतले. म्हणाला, "मुरबाडच्या हळदीला तुझा आवाज लाव. जमला तर ठेव. नाय जमला तर माझा लावायचा, आणि तुझ्यानं ते होत नसंल तर मी दुसरा गिटारवाला बघतो." चौदा वर्षं हा त्या पार्टीत होता. गोदामात त्याला कुणी नावानंसुद्धा ओळखत नाही. मांडवात मात्र पोरं त्याच्याभोवती गोळा होतात. ते सगळं त्या एका हळदीवर येऊन बसलं.

मुरबाडला तो मला ओढून घेऊन गेला. वर्ष झालं नव्हतं म्हणून मी मांडवात गेलो नाही, रस्त्याकडेला पार्टीच्या टेम्पोत बसून राहिलो. दिवस मावळायला आला आणि वाजायला सुरुवात झाली. ढोल चांगला, कॅसिओ चांगला. मग याची गिटार आली, आठ महिने माझ्या माजघरात जुळवलेल्या नव्या आवाजावर. काय सांगू! पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. टेम्पोत माझे दात शिवशिवले. मांडवातली एक बाई मोठ्यानं ओरडली, "कोंबडी कुणी धरली गो?" आणि सगळा मांडव हसला. यानं दुसरं बटण दाबलं, तो आवाज पहिल्याहून वाईट. तिसऱ्यांदा कॅसिओवाल्यानंच वाकून मालकाचा तयार आवाज लावला. आणि खरं लिहितो, तो चांगला होता. भरलेला, गोल. बायका नाचायला लागल्या. माझा पायसुद्धा हलला, तो मी दाबून धरला.

परत येताना टेम्पोत तो माझ्या शेजारी बसला, गिटार मांडीवर घेऊन. मी म्हटलं, "चांगला होता आवाज."

"कुठला?"

"मालकाचा."

त्यानं तोंड बाहेर फिरवलं. मला खोटं बोलता येत नाही, बायकोचीही माझ्याबद्दल तीच तक्रार होती. बाहेर बघतच तो म्हणाला, "कानाला लावून बनवला ना, भावजी. कानात मध होता. मोकळ्यावर एकदापण नाय ऐकला." एवढंच. तुमच्या घरात वाजवू दिलं असतं तर, असं तो बोलला नाही. बोलला असता तर मी दोन शब्द सुनावून मोकळा झालो असतो. न बोलल्यामुळे मला ते घरी घेऊन जावं लागलं.

मालकानं त्याला आणखी एक हळद दिली, आठ दिवसांनी, शहापूरला. त्यात नाही जमलं तर तयार आवाज कायमचा, आणि तयार आवाजावर हा वाजवणार नाही हे मालकालाही ठाऊक होतं, मलाही. बुधवारी त्यानं गोदामात रजा टाकली आणि माझ्याकडे आला. डबा मांडला, हेडफोन कानाला लावले. मी उठून ती वायर उपटली.

"भावजी, वर्ष व्हायला अजून चार महिने हायेत."

"मला मोजता येतात."

"लोक काय बोलतील?"

"लोकांना मी बघतो. तू मोठा स्पीकर काढ."

"पण ताईला..."

"तिला विचारून कधी वाजवलास?"

तो हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. त्यानं स्पीकर ओट्यावर आणून ठेवला.

शहापूरच्या हळदीचं आधीच सांगून टाकतो. तिथं तो स्वतःच्याच आवाजावर वाजवून आला. मालक काही बोलला नाही, आणि तो मालक काही बोलत नाही तेव्हा खूश असतो असं म्हणतात. डब्यातले तयार आवाज यानं पुसले नाहीत, नुसते शेवटी सरकवले. मी विचारलं तर म्हणाला, "कामाचे हायेत, भावजी. माझे नायेत एवढंच." एवढं शहाणपण मी त्याच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं.

राहिलं ते त्या बुधवारचं. ओट्याजवळ बसून मांडवाचा अंदाज यायचा नाही, म्हणून तो म्हणाला, तुम्ही लांब शेतात जाऊन उभे राहा, मांडवातली माणसं असतात तेवढ्या अंतरावर. तिथून ओरडलेलं त्याला ऐकू येणार नाही, म्हणून खुणा ठरवल्या. हात खाली केला तर कमी कर, हात वर केला तर वाढव. मी कापलेल्या भाताच्या धसकटातून चालत बांधापर्यंत गेलो आणि घराकडे तोंड करून उभा राहिलो. दुपारची वेळ, सगळं सुकलेलं. त्यानं वाजवलं. पहिला आवाज तोच, खिळ्याचा. मी हात खाली केला. त्यानं काहीतरी फिरवलं, परत वाजवलं. परत हात खाली. पाच-सहा वेळा असं झालं. मग आवाज जरा खाली बसला, जाड झाला. मी हात वर केला. तो भरत गेला, शेतावरून माझ्यापर्यंत यायला लागला.

चांगला की वाईट ते मला कळत नव्हतं. घरातून आवाज येतोय, एवढंच कळत होतं. माझं घर मी इतक्या लांबून बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. आठ महिने संध्याकाळी त्या घराकडे यायचो तेव्हा ते नुसतं उभं असायचं. आता वाजत होतं. हात वर आहे हे माझ्या लक्षातच राहिलं नाही, आणि तो आपला खुणेचा माणूस, हात वर आहे तोवर वाढवत गेला. वाढवत गेला. झाडावरचे कावळे उडाले. बांधावरून शेजारची म्हातारी दोन्ही कानांवर हात ठेवून आली, माझ्यासमोर उभी राहिली.

"हात खाली कर रं! कान फुटतील माणसांचे."

मी म्हटलं, "करतो गो. थोडं थांब."