दार लावून बसणं

नवरा गेल्यावर पाचव्या महिन्यात मी दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला जाऊन आले. तो सुप्याला एका कंपनीत होता, तिथंच खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला तिसगावला यायचा. अशाच एका सुट्टीला येताना त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. घरात उरलो मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. माझा दिवस शाळेत शिकवण्यात कसाबसा जायचा, संध्याकाळी मात्र घर खायला उठायचं.

शिबिरात सांगितलं, एकटेपणा वेगळा आणि एकांत वेगळा. स्वतःजवळ बसायला जमलं की एकटेपणा तितका बोचत नाही. मला पटलं. मास्तरणीला नियम आवडतातच. घरी येऊन सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, आतल्या खोलीचं दार लावून बसू लागले. बसण्याआधी आणि उठल्यावरही बराच वेळ बोलायचं नाही, ही भर माझ्याच पदरची. खरंच बरं वाटायचं, झोप लागायला लागली. शेवटी सगळ्या प्राणिमात्रांच्या भल्याची इच्छा करायची असते, तीही मी मन लावून करायचे. त्या प्राणिमात्रांत दाराबाहेरची म्हातारी माझ्या कधी ध्यानात आली नाही, याची आज लाज वाटते.

आमच्या वस्तीनं धम्म मोठ्या आवाजात शिकलेला. रविवारी विहारात सगळे मिळून वंदना म्हणणार आणि आत्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. डोळे मिटून गप्प बसणं हे शिकलेल्यांचं काम, असं त्या म्हणायच्या. आणि आमच्या घरात गप्प राहण्याचा अर्थ एकच होता, अबोला. जावाजावांनी धरलेले, वर्ष वर्ष चाललेले अबोले आत्यांनी पाहिले होते, एक-दोन स्वतःही धरले होते.

त्या माझ्याशी जपून वागू लागल्या. चहा दाराशी ठेवून निघून जायच्या. विहारात जाणंही बंद केलं. वय झालं असेल म्हणून मी सोडून दिलं. असे सहा महिने गेले. एका रविवारी सकाळी दार उघडलं तर त्या उंबऱ्यापाशी बसलेल्या, डोळे सुजलेले.

“अजून किती दिस बोलायची न्हाईस, पोरी? तुला कळलंय, मला ठावं हाय.”

“काय कळलंय, आत्या?”

“त्या दिशी म्याच फोन केल्ता त्याला. गुडघं लई दुखत्यात, येऊन जा म्हनलं. त्यो यायचा नव्हता त्या सुट्टीला.”

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. राग आला, खोटं कशाला बोलू. सहा महिन्यांची सगळी शांतता कुठल्या कुठे गेली. तोंडाशी आलेलं बोलले असते तर त्या पुन्हा उठल्या नसत्या. मी खाली त्यांच्याजवळ बसले. जे मी शिबिरात कुणाला सांगितलं नव्हतं, रोज दार लावून ज्याच्यासोबत बसत होते, ते मला आता सांगावंच लागणार होतं.

“मीपण केला होता, आत्या. तो निघायच्या वेळेला. अंधार पडायच्या आत ये, गाडी जरा जोरात मार, म्हणाले होते.”